मडगार्डावरची मठार

म्हैस कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. भोपाळच्या पिपलानी वसाहतीतल्या कुठल्याही गवळ्याला विचारा, तो बिनदिक्कत दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. पण देवस्थळी साहेबांच्या गाडीला पाठ घासली ती म्हशीनंच. बरं, घासून निघून जावं की नाही? घासता घासता बाईसाहेब दमल्या आणि डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डाला टेकून खुशाल रवंथ करत बसल्या. त्या उठल्या तेव्हा मडगार्डात परातीएवढा पोचा पडला होता आणि हिरवा रंग पोपडे धरून उडाला होता.

गाडी साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी. ही होती दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची, जोरात पळण्यासाठीच बनवलेली विलायती गाडी. जुन्या शहरातल्या एका जहागीरदारानं हौसेनं मागवलेली. पुढे संस्थान गेलं, जहागिरी गेली, गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी धूळ खात पडली, आणि तिथून ती देवस्थळी साहेबांनी उचलून आणली. विश्वास देवस्थळी म्हणजे कारखान्यातल्या पत्रा विभागाचे मुख्य इंजिनियर. माणूस सरळ, कामाला चोख, पण गाडीचं नाव काढलं की लहान मूल व्हायचा.

आता या सगळ्याशी नीळकंठ करड्याचा संबंध काय? काही नाही! काडीचा नाही! म्हैस त्याची नाही, गाडी त्याची नाही. पण तोंड त्याचं होतं ना.

नीळकंठ पत्रा विभागात कारागीर म्हणून लागला होता, पण कच्चा. उमेदवारी एप्रिलअखेर संपायची होती आणि पक्कं करायचं की घरी पाठवायचं हे साहेबांच्या हातात होतं. वीजयंत्रांची माणसाहून उंच कपाटं तिथे बनायची. त्यांचे दरवाजे कसे, तळ्यातल्या पाण्यासारखे सपाट पाहिजेत. नीळकंठचे दरवाजे सपाट असायचे, मापात असायचे, कोपरे असे जुळायचे की बघत राहावं. पण रंग दिल्यावर बाजूनं उजेड पडला की त्यावर काहीतरी हलायचं. बारीक बारीक ठसे. देवीचे व्रण अगदी पुसट झाल्यावर दिसतात तसे.

"करडे," एक दिवस साहेब म्हणाले, "तुमच्या हातात कसब आहे, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही हातोडी ठेवलेली मला दिसते. ती दिसायला नको. हे असंच राहिलं तर मला तुम्हाला पक्कं करता येणार नाही."

एवढं ऐकून शहाण्या माणसानं 'हो साहेब' म्हणावं, मान खाली घालावी आणि कामाला लागावं. नीळकंठनं काय केलं? म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीचं मडगार्ड द्या माझ्याकडे. घरी करतो. उन्हात धरून बघा. एक ठसा दिसला, तर मी होऊन राजीनामा देतो."

कुणी मागितला होता राजीनामा? कुणी नाही! साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "विचार करून बोलताय ना?" आणि हा बाबा म्हणाला, "तांबटाचा मुलगा आहे साहेब, पत्र्याच्या बाबतीत विचार करावा लागत नाही." घ्या! सगळं घोडं जिथे अडलं होतं, तेच मोठ्या दिमाखानं सांगून मोकळा झाला.

कारण तो तांबटाचा मुलगा होता, हेच तर दुखणं होतं. पुण्याच्या तांबट आळीत करड्यांचं दुकान. घंगाळी, बंब, हंडे, पातेली. तांब्याचं भांडं घडवून झालं की ते मठारायचं, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं त्याच्यावर बुडापासून काठापर्यंत ओळीनं ठोके घालायचे. ठोक्याला ठोका लागून, एक जागा सुटता कामा नये. त्यानं तांबं कडक होतं आणि भांडं असं लखलखतं की चूल पेटवण्याआधी आरतीच करावीशी वाटावी. बिनमठारलेलं भांडं आळीतून बाहेर गेलं तर घराण्याची अब्रू गेली. आणि ज्याची त्याची मठार वेगळी. नीळकंठचे पणजोबा डावरे होते, म्हणून करड्यांच्या मठारीच्या ओळी डावीकडे किंचित झुकतात. पुढची सगळी माणसं उजव्या हाताची निघाली, तरी ओळी डावीकडेच झुकवत आली. मुद्दाम शिकून. याला काय म्हणावं!

नीळकंठला मात्र ते कधी जमलं नाही. निदान त्याचे वडील नरहर करडे तसं म्हणायचे. दहा माणसांत म्हणायचे. "नीळ्याच्या हातात आपला हात उतरला नाही. ओळ बघा, दारू प्यायल्यासारखी चालते." वर्षानुवर्षं हे ऐकून ऐकून पोराच्या डोक्याला मुंग्या आल्या. त्यात बाजारात आधी अल्युमिनियम आलं, मग स्टील आलं, आणि घंगाळं विकत घेणारं गिऱ्हाईक घरचं जुनं घंगाळ मोडीत काढायला येऊ लागलं. नीळकंठनं भोपाळच्या नव्या कारखान्याची जाहिरात वाचली, बायकोला घेतलं आणि गाडीत बसला. मठार, ओळ, पणजोबा, सगळ्याला रामराम.

आणि दिवाळीनंतर अप्पा, म्हणजे नरहर, मागोमाग येऊन हजर! म्हणे महिनाभर राहतो. महिन्याचे किती झाले ते विचारू नका. आयुष्यभर ऐरणीपाशी बसून त्यांचे कान पार गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ते बोलायचे म्हणजे तेही ओरडूनच. क्वार्टरच्या भिंती कसल्या, कागदाच्या. करड्यांच्या घरात आज भाजी कसली आहे ते अख्ख्या रांगेला कळायचं.

अप्पांचं एकच पालुपद होतं. परत चल. त्यात त्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात रोज तेच, मे महिन्याच्या एक तारखेला मराठी माणसाचं वेगळं राज्य होणार, मुंबईसकट. अप्पांना नवा जोर चढला.

"आता आपलं राज्य होतंय! आता इथे परमुलखात कशाला राहायचं?"

"आपलं राज्य झालं म्हणून लोक घंगाळी घेणारेत का, अप्पा?"

"काय?"

"घंगाळी! घंगाळी कोण घेणार आहे?"

"घेतील की! आपलं राज्य झाल्यावर न घ्यायला काय झालं?"

नीळकंठनं हात टेकले होते. मडगार्डाची गोष्ट त्यानं घरात सांगितली ती या असल्याच एका भांडणात, रागाच्या भरात. म्हणाला, साहेबांना एक जरी ठसा दिसला तर नोकरी सोडतो, मुकाट तुमच्याबरोबर येतो, मग बसवा मला जन्मभर ऐरणीपाशी. पण नाही दिसला तर परत चल हा शब्द काढायचा नाही. अप्पांनी हे बरोबर ऐकलं. नको ते त्यांना नेहमीच बरोबर ऐकू यायचं. म्हणाले, "कबूल." आणि त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

नलिनीनं, नीळकंठच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "अहो, नोकरी तुमची, क्वार्टर त्या नोकरीचं, आणि पैज लावताना घरात कुणाला विचारायचं असतं की नाही?" तिला इथे आवडत होतं. नळाला पाणी होतं, मागे अंगण होतं, शाळेत बालवर्गाला शिकवायला तिला बोलावणं आलं होतं. तांबट आळीतल्या त्या अंधाऱ्या खोलीत, दिवसभर ठणठण ऐकत, पुन्हा जायचं तिच्या मनात नव्हतं. "जमेल ना तुम्हाला?" तिनं हळूच विचारलं. नीळकंठ वसकन म्हणाला, "न जमायला काय झालं?" तो घाबरलेला असला की वसकन बोलायचा, हे ती लग्नाच्या वर्षीच शिकली होती.

मडगार्ड बोल्ट काढून घरी आलं आणि मागच्या अंगणात तिवईवर चढलं. गाडीची पुढची जाळी आणि दिव्यांच्या कड्याही साहेबांनी बरोबरच धाडल्या. जाळीच्या पट्ट्या आणि मडगार्डाच्या कडेनं जाणारी बारीक रेघ साईच्या रंगाची, दिव्यांच्या कड्या काळ्या, असं सगळं मूळ होतं तसं परत रंगवायचं ठरलं. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, साईचा रंग म्हणजे साईचा. पिवळा नाही, पांढरा नाही.

त्या साईच्या रंगापायी नीळकंठनं जुन्या शहरातल्या रंगवाल्याकडे किती खेटे घातले! रंगवाला दर वेळी डबा उघडून म्हणायचा, "मियाँ, यही तो है मलाई!" आणि घरी येऊन बघावं तर श्रीखंड. पुन्हा सायकल, पुन्हा हबीबगंजचं फाटक, पुन्हा मालगाडीचा एकेक डबा मोजत उन्हात उभं राहा. शेवटी रंगवाल्यानं कंटाळून समोरच रंग कालवून दिला, वर फवारणीचा पंप भाड्यानं दिला, आणि एक लांबीचा डबा न मागता हातात कोंबला. पत्र्यावरचे खळगे बुजवायला लांबी लागते, सगळे भरतात, तुम्हीही भरा, म्हणाला. नीळकंठनं तो डबा घरी आणून कोपऱ्यात फेकला. लांबी! त्यांच्या आळीत भांड्याचं भोक लांबीनं बुजवणाऱ्याला लोक पाणीसुद्धा विचारत नसत. मडगार्ड तो पत्र्याचाच पत्रा करून दाखवणार होता. म्हणजे आळी सोडली, मठार सोडली, आणि ताठा तेवढा इमानानं बरोबर आणला.

मग अंगणात हातोडी सुरू झाली. मोठा पोचा आतून लाकडी हातोड्यानं उठवायचा, वरून ऐरणीचा तुकडा धरायचा, मग लहान हातोडीनं हळूहळू पत्रा माणसात आणायचा. कामावरून आलं की चहा घ्यायचा आणि बसायचं. अप्पा समोर पाटावर येऊन बसायचे. गप्प बसतील तर शपथ.

"कोपर आत घे!"

"अप्पा, मला करू द्या."

"काय?"

"काही नाही!"

"मनगट सैल सोड! माशी मारतोयस का?"

नीळकंठनं एकदाच कडकडून सांगितलं, हातोडीला हात लावायचा नाही, सूचना द्यायच्या नाहीत, बघायचं असेल तर तोंड मिटून बघा. अप्पा तोंड मिटून बघायला लागले. ते जास्त वाईट होतं. हातोडी पडली की त्यांची मान हलायची, ठोक्याबरोबर, तालात. ऐकू काही येत नव्हतं, पण पाटाखालच्या फरशीतून ठोका त्यांच्या अंगात जात असावा.

त्यात उन्हाळा. उन्हाळा म्हणजे वाळवणं. नलिनीनं आणि शेजारच्या लीलावतीबाईंनी मिळून कुरडयांचा घाट घातला. लीलावतीबाई नागपूरकडच्या, बोलायला खड्या. ऊन फक्त मागच्या अंगणात. मडगार्डालाही ऊन पाहिजे, कुरडयांनाही ऊन पाहिजे. नीळकंठनं अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, पहिला हात फवारला आणि नेमका वारा फिरला. अर्ध्या खाटेवरच्या कुरडया करड्या झाल्या.

"काय करून राहिले भाऊ तुम्ही?" लीलावतीबाई कुंपणावरून कडाडल्या. "आता ह्या काय इंजनात तळायच्या का?"

नीळकंठनं माफी मागितली. मग दुपारची धुळीची वावटळ उठली आणि ओल्या अस्तरावर सगळी पिपलानी येऊन चिकटली. पुन्हा पाणकागदानं घासा, पुन्हा अस्तर. मग लीलावतीबाईंनी मुद्दाम फवारणीच्या वेळेला मिरच्या कुटायला काढल्या. नीळकंठ शिंकत शिंकत रंग मारत होता, डोळ्यांतून धारा. त्या दिवशी तो खरोखर म्हणाला, "ती म्हैस मला एकदा भेटू दे."

पण काम उठत गेलं. हिरव्या रंगाचे हात एकावर एक बसले. जाळीच्या पट्ट्या त्यानं मऊ कुंचल्यानं रंगवल्या, दिव्यांच्या कड्या काळ्याभोर केल्या. मडगार्डाच्या कडेची बारीक रेघ काही त्याला साधेना. नलिनी दोन दिवस बघत होती. तिसऱ्यांदा पुसायची वेळ आली तेव्हा तिनं पदर खोचला, कुंचला त्याच्या हातातून काढून घेतला आणि रांगोळीची रेघ ओढावी तशी एका श्वासात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. वर बघून म्हणाली, "हं." नीळकंठला इतकं बरं वाटलं की तो हसला. महिनाभरात पहिल्यांदाच.

साहेब रविवारी सकाळी येणार होते. शनिवारी सकाळच्या पाळीला जाण्याआधी नीळकंठनं मडगार्ड घरातून अंगणात आणलं. पडवीच्या सावलीत ते नुसतं आरसा होतं. त्यात त्याचं नाक दिसत होतं, नलिनीची वेणी दिसत होती. म्हटलं, एकदा उन्हात बघावं. सूर्य नुकताच कुंपणावर आला होता, ऊन आडवं येत होतं. त्यानं मडगार्ड तिरपं धरलं.

आणि ते उठलं. सगळं उठलं. हिरव्या रंगाखालून बारीक बारीक ठसे, ठशाला ठसा लागलेला, ओळीखाली ओळ, खालच्या काठापासून वरच्या गोलाईपर्यंत. एक जागा सुटली नव्हती. आणि प्रत्येक ओळ डावीकडे झुकलेली.

नीळकंठ क्षणभर बघतच राहिला. मग त्याचं डोकं सटकलं. "अप्पा!" तो असा ओरडला की बहिऱ्या माणसालाही ऐकू गेलं. अप्पा दात घासत बाहेर आले. "तुम्ही हात लावलात! मी कामावर असताना बसून मठारलंत तुम्ही हे! मला परत न्यायचं म्हणून! सांगा, खरं की नाही?"

अप्पांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मडगार्डाकडे. मग ते जवळ आले आणि वाकून, डोळे बारीक करून, बराच वेळ बघत राहिले. "मी नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"मग कुणी? म्हशीनं?"

"अहो, त्यांनी नाही केलं," नलिनी मध्ये पडली. "मी घरातच असते की दिवसभर. मामंजींनी बोटसुद्धा लावलं नाही. तुम्ही हातोडी ठेवून गेलात की ते ती उचलून कोनाड्यात ठेवायचे, लीलावतीबाईंच्या मुलांच्या पायावर पडेल म्हणून. तेवढंच."

मग उरलं कोण? नीळकंठनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. रोज संध्याकाळी, पोचा निघाल्यावर, शेवटचा हात म्हणून तो लहान हातोडीनं पत्रा सारखा करत होता. डोक्यात साहेब, कुरडया, साईचा रंग, हबीबगंजचं फाटक. हाताकडे लक्ष कुणाचं होतं? हात आपला आपला चालला होता, लहानपणी शिकवलं तसा. कारखान्यातल्या दरवाज्यांवरही हेच होत असणार. वर्षभर! पळून पळून शेकडो मैल आला आणि पाहतो तर तांबट आळी हातातच घेऊन आलेला.

त्याला रडू यायला हवं होतं, पण त्याला आला संताप. म्हशीचा, साहेबांचा, पणजोबांचा, स्वतःच्या तोंडाचा. मडगार्ड त्यानं तिवईवर आपटलं. "बांधा सामान," तो म्हणाला. "जिंकलात तुम्ही. उद्या साहेबांना दाखवतो आणि परवाच्या गाडीनं निघू." नलिनी पडवीच्या खांबाला धरून उभी होती, तिच्याकडे त्याला बघवेना. सायकल काढून तो पाळीला गेला.

दुपारी तो परतला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. भोंगा झाल्यावर सगळी माणसं घराकडे पळतात, हा सायकल हातात धरून रमतगमत आला. घरी जाऊन नलिनीला काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं. बालवर्गाच्या बाईंना तिनं होकार कळवला होता, तो तिला परत घ्यायला लावायचा. दारातून आत येताच त्याला आवाज आला. खरखर, खरखर. मागून येत होता.

अंगणात, पडवीच्या उरल्यासुरल्या सावलीत, अप्पा मांडी घालून बसले होते. मडगार्ड मांडीवर आडवं. हिरवा रंग, अस्तर, नलिनीची रेघ, सगळं खरवडून निघालं होतं, खाली नुसता पांढरा पत्रा. आणि अप्पा तो पत्रा कानशीनं घासत होते. ठशाठशामधला उंचवटा घालवत होते. अर्ध्याहून जास्त झालं होतं. शेजारी रंगवाल्यानं दिलेला लांबीचा डबा उघडा पडला होता आणि झालेल्या भागावर अप्पांनी लांबीचा पातळ हात ओढून ठेवला होता. त्यांच्या घामेजल्या बोटांना ती लांबी चिकटली होती.

नलिनी दारात बसली होती. तिचे डोळे लाल होते. "तुम्ही गेल्यापासून बसलेत," ती म्हणाली. "जेवले नाहीत. मी कानस काढून घ्यायला गेले तर माझ्यावरच ओरडले."

नीळकंठ पुढे झाला. बापापुढे उकिडवा बसून त्यानं त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं, आणि सकाळचा सगळा राग अजून घशात होता म्हणून ओरडलाच, "हे काय चालवलंय तुम्ही, अप्पा? तुम्हाला हवं होतं तसंच झालं होतं ना? ठसा दिसला ना? मग?"

अप्पांनी कानस थांबवली. अजून न घासलेल्या तुकड्यावर त्यांनी अंगठा फिरवला, ओळीच्या बाजूनं, खालून वर.

"नीळ्या," ते म्हणाले, "एकसुद्धा ठोका चुकलेला नाही रे. मी सकाळपासून शोधतोय. एक ओळ वाकडी नाही. माझी सुद्धा अशी येत नव्हती, माझे वडील असते तर..." ते थांबले. "मी तुला जन्मभर म्हणत आलो, हात उतरला नाही. आळीत म्हणत आलो. चूक होती माझी. उतरलाय. असा उतरलाय की तू नको म्हणतोस तरी चालतोय."

"मग घासताय कशाला?"

ते त्यांना ऐकू आलं की तोंडावरून कळलं, कोण जाणे. "तिकडे कोण आहे आता ते बघायला?" अप्पा म्हणाले. "आळीत चार दुकानं उरली. माझं तर दिवाळीआधीच बंद केलं, तुला सांगितलं नाही. एकट्यानं बसवेना म्हणून इकडे आलो, आणि तुला म्हणत राहिलो परत चल, परत चल. कशाला परत? आणि ही पोरगी सकाळी रडत होती. तिचं रडणं मला ऐकू येत नाही, दिसतं मात्र." मग त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा चढला. "बघत काय बसलास? पाणकागद घे! रंग कधी मारणार, साहेब आल्यावर?"

नीळकंठनं पाणकागद घेतला. भिजवला. मडगार्डाच्या वरच्या गोलाईवर हात नेला, तिथे अजून करड्यांच्या ओळी शाबूत होत्या, आणि त्याचा हात पुढे जाईना. वर्षभर त्याला हेच घालवायचं होतं. ह्याच्यापायी त्यानं साहेबांची बोलणी खाल्ली होती. आणि आता सांगितलं कुणी, घालव, तर जमेना. त्याला एकदम हुंदका फुटला.

"हो बाजूला," अप्पा म्हणाले. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं." त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला आणि उरलेला तुकडा स्वतः घासला. शेवटच्या ओळीपर्यंत. आयुष्यात त्यांनी कधी मठार पुसली नव्हती, पण घासताना कुठे चुकले नाहीत.

संध्याकाळपर्यंत लांबी सुकली. अस्तर झालं, हिरव्याचे हात झाले. वारा पडलेला होता, आणि लीलावतीबाईंनी काय बघितलं होतं देव जाणे, त्यांनी न सांगता आपल्या खाटा आत घेतल्या आणि अंगणात पाण्याचा सडा मारून दिला, धूळ बसावी म्हणून. शेवटी नलिनीनं रेघ ओढली.

रविवारी साहेब आले. मडगार्ड त्यांनी स्वतः उचललं, अंगणाच्या मधोमध नेलं आणि उन्हात धरलं. सरळ धरलं, आडवं धरलं, तिरपं धरलं, डोळा पत्र्याच्या पातळीला नेऊन बघितलं. मग खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि तळवा खालून वर फिरवला. नीळकंठ तिवईपाशी उभा. नलिनी दाराआड. अप्पा पाटावर बसून साहेबांचे ओठ दिसावेत म्हणून मान वाकवत होते, पण साहेब पाठमोरे होते.

"करडे," साहेब म्हणाले, "मला काही दिसत नाही. कुठे पोचा होता तेसुद्धा सांगता येणार नाही. दरवाज्यांवरही असंच काम करा. सोमवारी मी तुमचं पक्कं करून टाकतो." जाळीच्या पट्ट्यांवरून त्यांनी लाडानं बोट फिरवलं, साईचा रंग अगदी बरोबर जमला म्हणाले, आणि गाडीला मडगार्ड चढवायला माणूस पाठवतो सांगून निघून गेले.

ते वळताच अप्पांनी ओरडून विचारलं, "काय म्हणाला रे?"

नीळकंठ त्यांच्याजवळ गेला. आनंदानं सांगायची गोष्ट होती, पण तो पाटापाशी नुसता उकिडवा बसला. अप्पांनी त्याचं मनगट धरून हलवलं. "अरे, काय म्हणाला?"

"काही दिसत नाही म्हणाला," नीळकंठ त्यांच्या कानाशी ओरडला.

"काहीच नाही?"

"नाही अप्पा. काहीच नाही."

"मग चांगलं झालं," अप्पा म्हणाले, आणि मुलाचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.